नैनीतालच्या गौरी

अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ज्येष्ठेवर जेवतात आणि मुळावर जातात. लग्न होऊन जुन्नरला आल्यापासून तीस वर्षांत या तीन दिवसांत मी कधी गाव सोडले नव्हते. गेल्या वर्षी सोडले. मुखवट्यांना साड्या नेसवायचे काम जाऊबाईंवर सोपवले. घरी सोळा भाज्यांची निवडानिवड चालली असेल त्या पहाटे मी दूर कुमाऊंच्या डोंगरात, नयनादेवीच्या देवळाबाहेर, छत्री धरून रांगेत उभी होते. डाव्या हाताला काळोख होता आणि त्या काळोखात पाणी आहे हे फक्त आवाजावरून कळत होते. काठाला बांधलेल्या होड्या एकमेकींवर हळूच आपटत होत्या.

निमित्त झाले ते लेकीच्या मैत्रिणीचे. ती नैनीतालची, शिकायला पुण्यात आलेली. आदल्या वर्षी आमच्या घरी गौरींना आली आणि दोन मुखवट्यांसमोर बराच वेळ बसून राहिली. मग म्हणाली, "काकू, तुमच्याही दोघी बहिणी? आमच्याही दोघीच असतात. याच अष्टमीला येतात." त्या वाक्याने मला वर्षभर स्वस्थ बसू दिले नाही.

नैनीतालला मराठी माणूस नवा नाही. मे महिन्यात माल रोडवर दर दहा पावलांवर मराठी ऐकू येते. काठगोदामला रेल्वे संपते, तिथून 35 किलोमीटरचा घाट. ज्योलीकोटच्या वळणांवर पोटात ढवळते, आणि मग तल्लीतालला एका वळणासरशी ते हिरवे पाणी समोर येते. सगळे एकदम गप्प होतात, मोबाइल बाहेर निघतात. बोटिंग, रोपवे, मेणबत्त्यांची खरेदी, दुसऱ्या दिवशी भीमताल आणि सातताल. दोन दिवसांत परत. मीही एकदा मुलांना घेऊन तशीच आले होते. तेव्हा तलाव पाहिला होता. तो कशाच्या जोरावर टिकून आहे, हे मात्र पाहिले नव्हते.

रांगेत माझ्या पुढे सत्तरीपलीकडच्या एक बाई होत्या. पिछोडा पांघरलेला, केशरी, त्यावर लाल ठिपके. इथे म्हाताऱ्या बाईला आमा म्हणतात, म्हणून मीही आमाच म्हणू लागले. महाराष्ट्रातून आले हे ऐकून त्यांनी माझा हात हातात घेतला आणि देवळाकडे बोट करून म्हणाल्या, "आमची लेक मैताला आली आहे."

मैत म्हणजे माहेर. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. आपल्या 'माहेर'च्या पोटात 'मातृगृह' दडलेले आहे, त्यांच्या 'मैत'च्या पोटातही तीच आई असणार. सासरला ते म्हणतात सौरास. नंदा ही हिमालयाची लेक, शंकराला दिलेली. कैलासावर तिचे सासर. थंडीचे, एकाकी, भांग घोटणाऱ्या नवऱ्याचे सासर. वर्षातून एकदा ती मैताला येते, आणि परत पाठवताना बायका रडतात. देवीला निरोप देताना कोणी रडावे हे आपल्याकडच्या बाईला समजावून सांगावे लागत नाही. मुळावर गौरी हलवताना माझ्या सासूबाई पदर डोळ्यांना लावत, आणि त्या वेळी त्यांना आपलीच लेक आठवत असे.

दार उघडले. गर्दीने मला आत ढकलले आणि मी त्या दोघींसमोर उभी राहिले.

नंदा आणि सुनंदा. केळीच्या खांबाच्या मूर्ती. आधी दोन दिवस जवळच्या गावातून केळीची झाडे वाजतगाजत आणतात. ती गावभर मिरवतात, बायका ओवाळतात, मग देवळात रातोरात त्यांच्या देवी होतात. खांबाला बांबूच्या कामट्या, वर कापूस आणि कापड, मग रंग. अंगाचा आकार माणसासारखा नाही, डोंगरासारखा आहे. खाली रुंद, वर निमुळता. नंदादेवी शिखर, 7,816 मीटरचे, आकाश निवळले की इथल्या वरच्या डोंगरांवरून दिसते. ते शिखरच साडी नेसून खाली आले आहे असे वाटते. चेहऱ्यावर मात्र नथ आहे. मोठी, गोल, कुमाऊंनी नथ, गालापर्यंत आलेली. आणि डोळे इतके उघडे की नजर आपल्याला ओळखते असा भास व्हावा.

केळच का, याची एक गोष्ट आमांनी सांगितली. चंद राजघराण्यातल्या दोन बहिणी. मागे रेडा लागलेला. त्या केळीच्या पानाआड लपल्या, पण एका बकऱ्याने ते पान खाल्ले आणि त्या उघड्या पडल्या. रेड्याने त्यांना मारले. म्हणून पुढे केळीतच त्यांना पुन्हा उभे करायचे. मी ही गोष्ट बाहेरच्या पायरीवर बसून ऐकली. आडोसा गेला की काय होते, याची गोष्ट आहे ती. पुढचे चार दिवस ती मला जागोजागी आठवत राहिली.

उजाडले तेव्हा धुके तलावावर उतरले होते. समुद्रसपाटीपासून 1,938 मीटर उंची, दीडेक किलोमीटर लांबी, जास्तीत जास्त खोली 27 मीटर. आकडे लहानच आहेत. आपल्या एखाद्या धरणाच्या फुगवट्यात असे कित्येक तलाव मावतील. या ठिकाणाचा दबदबा पाण्याच्या विस्तारात नाही, त्याभोवतीच्या चढांत आहे. तिन्ही बाजूंनी डोंगर सरळ पाण्यात उतरलेले. उत्तरेला नैना पीक, पूर्वेच्या अंगाला शेर का डांडा, समोर आयारपाटा. दक्षिणपूर्वेला, तल्लीतालच्या बाजूला, एकच फट. तिथून जादाचे पाणी बलिया नाल्यात पडते. जमिनीतल्या एका मोठ्या भेगेच्या ओळीवर हा खळगा तयार झाला आहे. म्हणजे या तलावाचा जन्मच डोंगर हलण्यातून झाला. देवीभक्त ते वेगळ्या शब्दांत सांगतात: सतीचा डोळा इथे पडला. देवळात पूजाही दोन डोळ्यांचीच होते.

देवळासमोर मोठे मैदान आहे. त्याला इथे फ्लॅट्स म्हणतात. एरवी पोरे फुटबॉल खेळतात, हॉकीचे सामने होतात. जत्रेच्या दिवसांत पाळणे, बांगड्यांची दुकाने, जिलबीच्या कढया. एका बाजूला मशीद, जवळच गुरुद्वारा. डोंगराळ गावात एवढी सपाट जागा आली कुठून, हा प्रश्न मला पहिल्या खेपेला पडलाच नव्हता. या खेपेला माझ्याबरोबर भूगर्भशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक होते, लेकीच्या मैत्रिणीचे काका. त्यांनी पायाखाली बोट दाखवले. "ही 1880 ची दरड आहे," ते म्हणाले.

सप्टेंबर 1880. दोन दिवस सतत पाऊस. 18 तारखेला, शनिवारी सकाळी शेर का डांडाच्या उतारावरून थोडी माती सुटली आणि व्हिक्टोरिया हॉटेलच्या मागच्या भागावर आली. काही माणसे गाडली गेली. त्यांना काढायला शिपाई आले, मजूर आले, अधिकारी आले. सगळे खोदत असताना दुपारी वरचा अख्खा उतारच सुटला. हॉटेल, सभागृह, दुकान, देवीचे देऊळ, सगळे काही क्षणांत तलावाच्या काठाशी येऊन ढीग झाले. 151 माणसे गेली. त्यांत 108 भारतीय आणि 43 गोरे. मेलेल्यांत वाचवायला आलेले किती तरी होते.

मी तो आकडा पुन्हा विचारला. 151.

30 जुलै 2014 ला माळीण गाव दरडीखाली गेले. आमच्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यातले. मी तेव्हा एका साप्ताहिकासाठी लिहीत असे, तिसऱ्या दिवशी तिथे पोहोचले होते. चिखलातून फक्त शाळा वर दिसत होती. तिथेही शेवटी मोजदाद थांबली ती 151 वर. आकडे जुळणे हा योगायोगच, त्याला अर्थ चिकटवू नये हे मला कळते. तरीही मी त्या मैदानात जिलबीचा पुडा हातात धरून किती वेळ उभी होते, हे मला आठवत नाही. समोर पाळण्यात बसलेली मुले किंचाळत होती आणि माझ्या नाकात माळीणच्या चिखलाचा वास आला होता.

प्राध्यापकांनी मला थोडे सावरू दिले. मग म्हणाले, "या गावाने त्यानंतर काय केले ते पाहायला चला."

पुढचे दोन दिवस आम्ही नाले पाहत फिरलो. दिवाळी अंकाच्या वाचकाला नाल्यांचे वर्णन ऐकवावे का, असा विचार मनात आला. पण नैनीतालला पाहण्यासारखे एकच काही सांगा असे मला कोणी म्हटले, तर मी नालेच सांगेन. 1880 नंतर अभियंत्यांनी ओळखले की डोंगर पावसाने नाही, पावसाचे पाणी अंगात मुरल्याने सुटतो. शेर का डांडाचा खडक पाटीचा, पापुद्र्यापापुद्र्यांचा. दोन पापुद्र्यांत पाणी शिरले की वरचा थर खालच्यावरून घसरतो. तेव्हा पाण्याला मुरायला वेळच द्यायचा नाही. उतारावर पडलेला थेंब चटकन धरायचा, दगडी नाल्यात घालायचा आणि तलावात आणून सोडायचा. त्यासाठी सगळ्या उतारांवर घडीव दगडांचे नाले बांधले. साठेक मोठे नाले, त्यांना झाडाच्या फांद्यांसारखे फुटलेले लहान नाले. पाण्याचा जोर मोडावा म्हणून तळाला पायऱ्या. नाल्यांना नावे नाहीत, नंबर आहेत. स्थानिक माणूस पत्तासुद्धा त्यांच्यावरून सांगतो.

भर पावसात असा एक नाला मी जवळून पाहिला. पाणी पायरीवरून पायरीवर आपटत, पांढरे होत, गर्जत येत होते. काठाला हात लावला तर दगड थरथरत होता. तलावाशी पोहोचेपर्यंत त्या पाण्याचा सगळा माज उतरलेला असतो. दीडशे वर्षांच्या आसपास हे दगड हे काम करीत आहेत. आणि कुठे कुठे त्यांच्यावर फरशा टाकून दुकाने थाटली आहेत, कुठे घरांचे कोपरे त्यांच्या काठावर चढले आहेत, कुठे बांधकामाचा राडारोडा आत ढकलला आहे. एका ठिकाणी प्राध्यापक खाली वाकले, नाल्यात अडकलेली सिमेंटची रिकामी गोणी त्यांनी छत्रीच्या दांड्याने ओढून काढली, घडी घातली आणि काखेत मारली. न बोलता. मला वाटते, ते रोजच असे करीत असावेत.

एक गोष्ट या गावाने मानली. शेर का डांडावर गव्हर्नराचा बंगला होता, त्याला तडे जायला लागले, तेव्हा तो सोडून दिला आणि नवा बंगला समोरच्या, चुनखडीच्या बाजूला बांधला. आजचे राजभवन ते. 1897 मध्ये पाया घातला आणि 1900 मध्ये पुरे झाले. त्याचा आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा. मुंबईचे व्हीटी, आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, ज्यांनी उभे केले तेच हे. मी ते बाहेरून पाहिले आणि बोरीबंदरच्या गर्दीत गेलेली माझी कॉलेजची वर्षे आठवली. पण स्टीव्हन्स यांच्या कमानींपेक्षा मला इथे महत्त्वाचे वाटते ते जागेची निवड करणे. लाटसाहेबसुद्धा डोंगराचे ऐकून उठला.

या चढावरच आयारपाट्याला जिम कॉर्बेट यांच्या कुटुंबाचे गर्नी हाउस आहे. 1875 मध्ये नैनीतालला जन्मलेला हा माणूस 1947 मध्ये केनियाला निघून गेला. आपल्याकडे त्यांच्या नरभक्षकांच्या कथा वाचत पिढ्या मोठ्या झाल्या, त्यामुळे मराठी पर्यटक इथे हमखास येतो. घर साधे आहे, लाकूड आणि पत्र्याचे. भोवती बांज. हे ओकचे झाड. बांजाखालची माती पावसाळ्यानंतरही महिनोन्‌महिने ओली राहते, आणि पहाडातल्या बायका झऱ्याचे पाणी आणि बांज ही एकाच दमात बोलतात.

गावाच्या जन्माची गोष्टही पाण्यावरच घडली. कमिशनर ट्रेल 1823 मध्ये इथे आले होते. लोकांच्या लेखी हा तलाव पवित्र आहे, हे जाणून त्यांनी त्याचा फारसा गाजावाजा केला नाही. 1841 मध्ये शाहजहांपूरचा साखरेचा व्यापारी बॅरन आला. त्याला तसले काही वाटले नाही. पुढच्या वर्षी त्याने होडी डोंगरावर चढवून आणली. जमिनीवर हक्क सांगणाऱ्या नरसिंह नावाच्या थोकदाराला तो होडीत घालून मधोमध घेऊन गेला आणि कागदावर सही कर, नाहीतर बुडवतो म्हणाला, अशी हकीकत आहे. नरसिंहाला पोहता येत नव्हते. सही झाली. इंग्रजी पुस्तकांत ही गोष्ट खट्याळ गंमत म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाचता येत नाही. पवित्र मानलेल्या पाण्याच्या मधोमध, होडीच्या कडा घट्ट धरून बसलेला तो माणूस मला दिसतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही वर सूखातालला गेलो. मल्लीतालहून चालत, थोडा चढ आहे. पर्यटकांच्या यादीत हे नाव नसते, कारण पाहायला काहीच नाही. एक खोलगट जागा. पावसाळ्यात पाणी साचते, हिवाळ्यात आटते, म्हणून सूखा ताल. मी पाहिले तेव्हा चिखलाच्या रंगाचे पाणी होते आणि कडेला इमारती उतरत्या उतरत्या पार पाण्यापर्यंत आल्या होत्या.

"नैनी ताल खाली दिसतो," प्राध्यापक म्हणाले, "पण निम्मा इथे असतो."

हिशेब असा आहे. नाल्यांनी आणलेले पाणी पावसाळ्यात तलाव भरते, पण पावसाळा संपला की नाले कोरडे. मग ऑक्टोबरपासून पुढच्या जूनपर्यंत तलाव जगतो तो जमिनीखालून झिरपत येणाऱ्या पाण्यावर. आणि त्या झिरप्याचा फार मोठा वाटा या सूखातालातून येतो. इथला खडक भेगाळलेला, चुनखडीचा. साचलेले पाणी त्यातून हळूहळू खाली उतरते, परदा धारेसारख्या झऱ्यांतून बाहेर पडते किंवा गुपचूप तलावाच्या बुडाशी मिळते. एका बाजूच्या डोंगरात पाणी मुरता कामा नये, दुसऱ्या बाजूच्या डोंगरात ते मुरलेच पाहिजे. या दोन विरुद्ध गोष्टी एकाच वेळी सांभाळल्या तर नैनीताल उभे राहते.

सूखातालात मात्र वर्षानुवर्षे राडारोडा पडला, गाड्या उभ्या राहिल्या, गाळ दाबला गेला. वरून मातीचे छिद्र न छिद्र बुजले की पाणी मुरायचे कुठून? 2016 आणि 2017 च्या उन्हाळ्यांत नैनी तालाची पातळी मोजपट्टीच्या शून्याखाली गेली. शून्य म्हणजे कोरडा नव्हे. पण नाल्यांच्या तोंडाशी गाळाचे मोठे मोठे त्रिकोण उघडे पडले, मुले त्यांवर क्रिकेट खेळली, काठाच्या होड्या चिखलात बसल्या. पुढे सूखाताल सुशोभित करायचे काम निघाले. सुशोभित म्हणजे काँक्रीट. 2022 च्या अखेरीस उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने त्या बांधकामाला मनाई केली. हे न्यायालयही नैनीतालमध्येच आहे, त्याच तलावाचे पाणी पिते.

खरेच पिते. गावाचे पिण्याचे पाणी तलावातून येते, आणि ज्या रीतीने येते ती ऐकून मी थक्क झाले. मल्लीतालच्या काठाजवळ कूपनलिका आहेत. तलावाचे पाणी काठाच्या दगडमातीतून गाळत गाळत त्यांच्यापर्यंत पोहोचते, आणि तिथून उपसून घरोघरी जाते. काठाची ती दगडमाती म्हणजे डोंगरावरून आलेला मलबाच. ज्या दरडींनी माणसे गिळली त्यांचीच आज गाळणी झाली आहे. मी परतताना जत्रेतल्या चहाच्या टपरीवर पाणी मागितले, पेला तोंडाला लावला आणि थोडी थांबले.

होडीवाल्याने मला या पाण्याची आणखी एक गोष्ट दाखवली. इथे मोटरबोट नाही, फक्त वल्ह्याच्या होड्या आणि काही शिडाच्या. तो मला दीदी म्हणाला, मी त्याला दाज्यू म्हणाले. दाज्यू म्हणजे थोरला भाऊ, जरी तो माझ्याहून वीस वर्षांनी लहान होता. मध्यावर त्याने वल्ही आडवी धरली. पाण्यात एका जागी बारीक बुडबुडे येत होते, जणू खाली कोणी श्वास सोडतो आहे. 2007 पासून काठावरच्या यंत्रांतून तळाशी नळ्यांनी हवा सोडतात. त्याआधी सांडपाणी आणि खाण्यापिण्याची घाण इतकी साठली होती की बुडाच्या पाण्यात प्राणवायू उरला नव्हता. हिवाळ्यात वरचे पाणी गार होऊन खाली जाई, खालचे वर येई, आणि सकाळी मासे पोट वर करून तरंगताना दिसत. "माझा बाप टोपल्यांनी मासे काढायचा," दाज्यू म्हणाला. "आता तसे नाही. पण यंत्र बंद पडले की काय होणार, ते सांगता येत नाही. दवाखान्यातला पेशंट ठैरा हमारा ताल." शेवटचे वाक्य मी त्याच्याच शब्दांत ठेवते. इथली माणसे वाक्याच्या शेवटी 'ठैरा' म्हणतात, आणि त्यात जे आहे ते स्वीकारून त्याच्याशी नाते जोडणे असते.

त्या रात्री लेकीच्या मैत्रिणीच्या घरी जेवले. भट्टाची चुडकाणी, म्हणजे काळ्या सोयाबीनचा दाट रस्सा, भात, आलूचे गुटके आणि मोहरी वाटून घातलेला काकडीचा रायता. नाकात झणका जाणारा. उंबऱ्यावर गेरूने सारवून तांदळाच्या पिठाचे ऐपण काढले होते. त्यात नंदेची पावले होती. आम्हीही गौरी आणताना दारापासून देवघरापर्यंत पावले काढतो. त्या घराचे आडनाव पंत. आजोबांनी सांगितले की त्यांचे मूळपुरुष कोकणातून आले अशी घरात परंपरा आहे. कुमाऊंतल्या पंतांमध्ये ही परंपरा सर्रास सांगतात. गोविंद वल्लभ पंतांच्या घराण्यातही. किती शतकांपूर्वी, कोणत्या वाटेने, कोण जाणे. पण जेवण झाल्यावर आजोबांनी मला विचारले, "कोकणात आता पाऊस कसा आहे?" आपल्या गावाची चौकशी करावी तसे.

फोन आला. जाऊबाई. "गौरी बोळवल्या गं. मुरडीचे कानवले यंदा जरा तुटले. तुमच्या कधी जाणार?"

"अजून आहेत," मी म्हणाले. इथल्या दोघी अष्टमीनंतर आणखी काही दिवस माहेरपण करतात. 'तुमच्या' हा शब्द जाऊबाईंनी सहज वापरला, मला मात्र तो फार बरा वाटला.

पाऊस थांबत नव्हता. गावात सगळे तल्लीतालकडे लक्ष ठेवून होते. तिथे तलावाच्या तोंडावर पाणी सोडायची दारे आहेत, त्या जागेला डांठ म्हणतात. ऑक्टोबर 2021 मध्ये पाऊस अवेळी कोसळला होता. जवळच्या मुक्तेश्वरला 24 तासांत 340 मिलिमीटर. तलाव माल रोडवर चढला, देवळाच्या आवारात शिरला, गावाचा जगाशी संबंध तुटला. त्याआधी 2018 च्या ऑगस्टमध्ये खालच्या माल रोडचा एक तुकडा तलावात गेला होता. बलिया नाल्याचा उतार तर सतत खचतो आहे. 1898 मध्येही तिथे दरड येऊन माणसे गेली होती, आणि आज त्याच्या कडेची घरे रिकामी करावी लागत आहेत. इतके सगळे माहीत असून माणसे पावसात जत्रेला येतात. मला आधी ही बेफिकिरी वाटली. चार दिवसांनी तसे वाटेना. पावसाचा आवाज बदलला की इथे बोलणे थांबते, कोणीतरी खिडकीशी जाते, नाल्याचा सूर ऐकते आणि परत येऊन बसते. माळीणला असा ऐकायला कुणाला नालाच नव्हता.

निरोपाच्या दिवशी दुपारी पाऊस उघडला. डोला निघाला. दोघी एकाच पालखीत, पुढे छोलिया नर्तक ढाल-तलवारी घेऊन, ढोल, दमाऊ, रणसिंग. माल रोडच्या दोन्ही कडांना माणसे, गॅलऱ्यांतून अक्षता आणि फुले. वरच्या माल रोडवर इंग्रजांच्या काळात देशी माणसाला चालायची मुभा नव्हती असे सांगतात. तिथूनही बायका वाकून पाहत होत्या. तल्लीतालला जाऊन मिरवणूक वळली आणि ठंडी सडकेला लागली. तलावाच्या त्या बाजूला रहदारी नाही, फक्त झाडे आणि सावली, म्हणून ठंडी सडक. वाटेत पाषाणदेवी, खडकातच प्रकटलेली. तिच्याजवळ पाण्यात उतरायची जागा आहे.

आमा तिथे होत्या. मला पाहून त्यांनी पुन्हा हात धरला आणि सोडला नाही. बायका गात होत्या. शब्द मला पुरते कळत नव्हते, चाल कळत होती. पाठवणीची चाल कुठेही ओळखू येते. केळीच्या खांबांवरची नथ उतरवली, दागिने उतरवले. मग दोन पुरुष कमरेइतक्या पाण्यात गेले आणि त्यांनी दोघींना एकदम आडवे केले. केळीचा खांब चटकन बुडत नाही. त्या काही वेळ पाण्यावर पडून राहिल्या, चेहरे आभाळाकडे, साड्या पसरलेल्या. मग कापड भिजले, जड झाले, आणि एक एक करून त्या खाली गेल्या. सुनंदा आधी. नंदा थोडी थांबली.

"पोहोचेल," आमा म्हणाल्या. "वाट ओळखीची आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी मी काठावर गेले. जत्रेचे पाळणे उतरवत होते. आकाश धुतलेले होते. फ्लॅट्सवर पोरांनी दोन विटा रचून खेळ मांडला होता. नाल्याच्या तोंडाशी पालिकेचे दोन कामगार गुडघाभर पाण्यात उभे राहून फावड्याने गाळ ओढत होते. रात्रभरात आलेला, पाटीचे काळे तुकडे, पाने, प्लास्टिक. त्यांतला एक जण गाळातून केळीच्या सोपटाचा तुकडा काढून बाजूला ठेवत होता, इतर कचऱ्यापासून वेगळा, एका स्वच्छ दगडावर. मी विचारले तर म्हणाला, "देवीचे आहे, दीदी. हे नंतर झाडाच्या बुडाशी घालतो." आणि पुन्हा फावडे उचलून नाल्यात वाकला.